भाषाविज्ञानातली पीएचडी आणि पुण्यातली सल्ला सेवा: कशाचे पैसे द्यावेत, कशाचे नाही

परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या पुण्यातल्या एका कार्यालयाची सेवा मी मागच्या हंगामात विकत घेतली. अमेरिकेत भाषाविज्ञानात पीएचडी करायची, एवढं माझं ठरलेलं होतं. माझं मत आधीच सांगून टाकते. त्यांचं कागदपत्रांचं काम पैन् पै वसूल करून देणारं आहे. विषयाशी संबंध येणारं त्यांचं प्रत्येक काम मात्र भाषाविज्ञानाच्या अर्जदाराला निरुपयोगी आहे, आणि एका बाबतीत तर धोक्याचं. ही दोन्ही कामं एकाच पॅकेजमध्ये बांधून विकली जातात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कार्यालयाचं नाव देणार नाही. माझ्या वर्गातल्या आणि पुढच्या-मागच्या तुकड्यांतल्या ज्यांनी अशा सेवा घेतल्या, त्यांच्याशी बोलल्यावर वेगवेगळ्या पाट्यांखालून हेच वर्णन ऐकू आलं. तेव्हा एकालाच वेगळं काढणं बरोबर नाही.

पॅकेजची किंमत ४५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३,१०० रुपये. त्यात विद्यापीठांची यादी, उद्देश-निवेदन म्हणजे एसओपी, सीव्ही, शिफारसपत्रांचे मसुदे, अर्ज भरून देणं, मुलाखतीचा सराव आणि व्हिसाची तयारी. मी सोलापूरला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. ही रक्कम माझ्यासाठी लहान नाही, आणि अर्जांचं शुल्क यात धरलेलं नाही. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं एका अर्जाला ७५ ते १२५ डॉलर घेतात, कॅलिफोर्नियातली सरकारी विद्यापीठं परदेशी अर्जदाराकडून दीडशेच्या वर. त्यावर टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे सतरा-अठरा हजार. म्हणजे सल्ल्याचे पैसे देताना आपण आधीच बऱ्याच खर्चात असतो.

यादीपासून सुरू करते. पहिल्याच बैठकीत समुपदेशकांनी मला इंग्लंडमधले एक वर्षाचे एमए दाखवले. त्यांतले बहुतेक इंग्रजी कसं शिकवावं याचे, म्हणजे टेसॉलचे. "मॅडम, पीएचडीला फार वर्षं जातात. तुम्ही आधी तिकडचं मास्टर्स करा, मग बघू," असं ते म्हणाले. माणूस सभ्य, बोलणं नम्र, आणि अभियांत्रिकीच्या मुलांसाठी त्यांचं काम चांगलं असेलही. पण या एका वाक्यात मला वीस लाखांच्या पुढचं शुल्क सुचवलं गेलं होतं, तेही जे मला शिकायचं नाही अशा गोष्टीसाठी.

अमेरिकेतल्या भाषाविज्ञानाच्या पीएचडीची गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्याकडे फार कमी घरांत माहीत असते. तिथे पीएचडीसाठी परदेशी एमए लागतं असं नाही, बीए झालेल्यांनाही थेट घेतात. कार्यक्रम साधारण पाच वर्षांचा असतो. चांगल्या विभागांत प्रवेश मिळाला की शिकवणी शुल्क माफ होतं, आणि पदवीच्या वर्गांना शिकवण्याच्या किंवा संशोधनात मदत करण्याच्या बदल्यात दरमहा विद्यावेतन मिळतं. पैसे बहुधा भरावे लागतात ते एमएला. म्हणून ज्याच्या घरी गहाण ठेवायला काही नाही, त्याच्यासाठी पीएचडी हाच परवडणारा रस्ता आहे. सल्लागाराने पहिल्या पाच मिनिटांत सांगायची ही गोष्ट, आणि ती त्यांनी मला सांगण्याऐवजी मी त्यांना सांगितली. अनेक सल्ला कार्यालयांना प्रवेश झाल्यावर परदेशी विद्यापीठांकडून कमिशन मिळतं, हा या व्यवसायाचा उघड भाग आहे. तेव्हा यादीतलं नाव कुठून आलं हे स्पष्ट विचारायला संकोच करू नका. मी विचारलं. उत्तर मिळालं की काही विद्यापीठं 'पार्टनर' आहेत.

दुसरी यादी आली ती जागतिक क्रमवारीतली वरची नावं उतरवून काढलेली. भाषाविज्ञानात अशी यादी काही कामाची नाही, कारण एकाच पाटीखाली विभागांचे स्वभाव पार निराळे असतात. एमआयटी म्हणजे वाक्यविन्यास, अर्थविचार आणि ध्वनिव्यवस्था, तेही भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींच्या परंपरेतून. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भाषेतल्या भेदांचा अभ्यास लबॉव्ह यांनी अनेक वर्षं रुजवला. ते २०२४ च्या डिसेंबरमध्ये गेले, पण विभागावर त्यांचा ठसा आहे. हवाईमध्ये, मानोआला, संकटातल्या भाषांचं दस्तऐवजीकरण हा मुख्य प्रवाह आहे. सान्ता बार्बराला प्रत्यक्ष संभाषणातून व्याकरण पाहतात. निहाली भाषेवर काम करू इच्छिणाऱ्या बुलढाण्याच्या मुलाने हवाईला अर्ज करावा की एमआयटीला, हे क्रमवारी सांगू शकत नाही. जळगाव-जामोदच्या परिसरात फार थोडे लोक बोलतात ती ही भाषा, कुठल्याच ज्ञात कुळात न बसणारी. तिचा प्रश्न ज्याला कळतो असा माणूस कुठल्या विभागात बसला आहे, एवढंच विचारायचं असतं.

माझी यादी मी उलट बाजूने केली. लिंगबझ या मोफत संग्रहावर भाषाशास्त्रज्ञ आपले लेख स्वतः चढवतात. तिथे भारतीय भाषांवरचे लेख वाचत गेले आणि लेखक कुठे शिकवतात ते टिपत गेले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, ॲम्हर्स्टला, राजेश भट्ट. येलला विनिता दयाल. अश्विनी देव यांचं भारतीय-आर्य भाषांमधल्या अर्थबदलावरचं काम. मग प्रत्येक विभागाच्या संकेतस्थळावर गेल्या काही वर्षांतल्या प्रबंधांची शीर्षकं वाचली, कारण प्राध्यापकाचं नाव पाटीवर असतं, पण तो नवे विद्यार्थी घेतो का हे प्रबंधांच्या यादीवरून कळतं. काही ठिकाणच्या पीएचडी विद्यार्थ्यांना चार ओळींचं पत्र लिहिलं. जवळजवळ सगळ्यांनी उत्तर दिलं, आणि एकीने तर तिच्या विभागात निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकांवर अर्ज बेतू नकोस असं मोकळेपणाने कळवलं. हे सगळं फुकट आहे. फक्त वेळ जातो आणि तो जायलाच हवा, कारण याच वाचनातून निवेदनात लिहायचं सापडतं.

यादी ताजी असणं किती महत्त्वाचं आहे हे २०२५ ने दाखवलं. त्या वर्षी अमेरिकेतल्या काही मोठ्या विद्यापीठांनी मानव्यविद्या शाखांतले पीएचडी प्रवेश कमी केले किंवा वर्षभरासाठी थांबवले. शिकागो विद्यापीठ त्यांत होतं. मला मिळालेल्या यादीत याचा मागमूस नव्हता. अर्जाचं शुल्क परत मिळत नसतं, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी विभागाचं संकेतस्थळ त्या आठवड्यात उघडून पाहणं हे स्वतःच करायचं काम समजा.

जीआरईबद्दल एकच. त्यांनी मला जीआरईचा वर्गही सुचवला होता. २०२० नंतर भाषाविज्ञानाच्या बहुतेक विभागांनी ती परीक्षा मागणं सोडलं आहे. माझ्या यादीत ती कोणीही मागत नव्हतं.

आता निवेदन. त्यांनी एक प्रश्नावली दिली. लहानपण, छंद, येणाऱ्या भाषा, आदर्श व्यक्ती. त्यावरून जो मसुदा आला त्याची सुरुवात 'मला बालपणापासून भाषांचं आकर्षण आहे' अशी होती. मला मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी येतात हे दोनदा लिहिलेलं. अक्कलकोटच्या यात्रेत किती भाषा कानावर पडतात याचं रंगीत वर्णन. इंग्रजी सफाईदार होतं. पण मला काय शोधायचं आहे, याचं एकही वाक्य त्यात नव्हतं.

आणि मला काय शोधायचं आहे ते मी त्यांना सांगितलेलं होतं. इथेही सांगते, कारण त्याशिवाय पुढची तक्रार कळणार नाही.

माझं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं. आमच्याकडे 'मी काम केलो' म्हणतात. पुण्यात हे बोललं की लोक दुरुस्त करतात, 'मी काम केलं म्हण.' प्रमाण मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. मी काम केलं, मी भाकरी केली, मी लाडू केले. तृतीय पुरुषात कर्त्याला 'ने' लागतो. त्याने काम केलं. प्रथम आणि द्वितीय पुरुषात तो लागत नाही, 'मीने' असं कोणी म्हणत नाही, पण क्रियापद तरी कर्माकडेच पाहतं. सीमाभागात मात्र क्रियापद कर्त्याकडे पाहू लागलं आहे. यावर नेहमीचं उत्तर असं की शेजारी कन्नड आहे, कन्नडमध्ये अशी रचना नाही, म्हणून मराठीने ती सोडली. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास जगभरच्या वर्गांत शिकवला जातो. मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच गावात नांदताना त्यांची व्याकरणं एकमेकांजवळ कशी सरकली, हे त्यात आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. प्रमाण मराठीतच 'मी गणित शिकलो', 'तो छत्री विसरला', 'ती चहा प्याली' अशी वाक्यं आहेत. तिथे कर्म असूनही क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं, आणि तिथे कन्नडचा हात कोणी दाखवत नाही. मग सीमाभागातली मराठी बाहेरून काही घेते आहे, की तिच्या घरातच असलेला हा नमुना सगळ्या क्रियापदांना लावते आहे? आणि लावते आहे तर कुठल्या क्रियापदापासून सुरुवात झाली? माझ्या आजीच्या पिढीतल्या काही जणी 'म्या केलं' म्हणायच्या. तीही एक वेगळी पायरी आहे.

डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण केलं, त्यातलं ध्वनिमुद्रित साहित्य आणि नकाशे इंटरनेटवर खुले आहेत. मी एमए तिथूनच केलं. येरवड्याच्या त्या आवारात १९३९ पासून भाषाविज्ञान शिकवलं जातं आहे, आणि तिथल्या ग्रंथालयात बसून मी या प्रश्नावर एक निबंध लिहिला होता. तोच माझा लेखन-नमुना, म्हणजे अर्जासोबत पाठवायचा स्वतःचा संशोधनपर निबंध.

निवेदन वाचणारे प्राध्यापक हेच शोधत असतात. अर्जदाराला प्रश्न विचारता येतो का, त्यावर आधी काय म्हटलं गेलं आहे ते त्याने वाचलं आहे का, उत्तर शोधायला काय सामग्री लागेल हे त्याला कळतं का, आणि हे काम आमच्याच विभागात का व्हावं. किती भाषा येतात, याला जवळजवळ किंमत नाही. एकच भाषा येणारा माणूस उत्तम भाषाशास्त्रज्ञ होऊ शकतो. मी समुपदेशकांना पुन्हा सगळं समजावलं, तर दुसऱ्या मसुद्यात माझा प्रश्न आला, पण 'ग्रामीण लोकांच्या व्याकरणाच्या चुकांचा अभ्यास' या शब्दांत. हे वाचून मला खूप वाईट वाटलं. बोलीला चूक न म्हणणं ही या विद्याशाखेची पहिली इयत्ता आहे. असं निवेदन एखाद्या विभागात गेलं असतं तर तिथेच मिटवून ठेवलं गेलं असतं. तिसरा मसुदा मी मागितला नाही. निवेदन स्वतः लिहिलं, माझ्या मार्गदर्शक मॅडमना दाखवलं आणि पाठवलं.

लेखन-नमुन्याच्या बाबतीत जे झालं ते याहून गंभीर. अर्जातला हा सर्वांत जड भाग, साधारण पंधरा ते पंचवीस पानांचा. शिफारसपत्रं आणि लेखन-नमुना यांवरच बहुतेक निर्णय होतो. पॅकेजमध्ये 'इंग्रजी भाषा-संपादन' होतं, म्हणून मी निबंध दिला. भाषाविज्ञानात उदाहरण तीन ओळींत देतात. वर मूळ वाक्य, त्याखाली शब्दाला शब्द लावून व्याकरणिक फोड, त्याखाली अर्थ. ही फोड कशी लिहायची याचे लाइपझिगचे नियम ठरलेले आहेत आणि जगभर तेच पाळतात. मधल्या ओळीतला प्रत्येक शब्द वरच्या शब्दाच्या बरोबर खाली यावा लागतो. आणि जे वाक्य त्या बोलीत होत नाही, त्याच्या आधी तारांकन करतात. न होणारी वाक्यं हाच तर पुरावा असतो.

परत आलेल्या फायलीत तारांकनं काढून टाकलेली होती. संपादकाला ती टंकनदोष वाटली असावीत. न होणारी वाक्यं 'सुधारून' होणारी केली होती. 'मी काम केलो'ची रोमन लिपीतली वाक्यं काही ठिकाणी प्रमाण मराठीप्रमाणे बदललेली. ट, ड, ण, ळ दाखवणारे अक्षरांखालचे टिंब फाँट बदलताना उडालेले. तिन्ही ओळी मध्यभागी आणून सुबक केल्या होत्या, त्यामुळे कोणता शब्द कशाखाली आहे ते कळेना. म्हणजे निबंधाचा सगळा पुरावा पुसून गेला होता आणि वरची भाषा मात्र चकचकीत झाली होती. मूळ फाइल माझ्याकडे होती म्हणून निभावलं. भाषाविज्ञानाच्या कोणत्याही अर्जदाराला माझं कळकळीचं सांगणं आहे, लेखन-नमुना विषयाबाहेरच्या संपादकाच्या हाती देऊ नका. इंग्रजी थोडं अडखळलं तरी चालतं. उदाहरणं बिघडलेली चालत नाहीत. ज्यांना इंग्रजीची फारच काळजी वाटते त्यांनी आपल्याच विषयातल्या दोन वर्षं पुढच्या विद्यार्थ्याला वाचायला द्यावं. माझा निबंध हैदराबादच्या इफ्लूमधल्या, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषांच्या विद्यापीठातल्या, एका मैत्रिणीने वाचला आणि तिने दाखवलेली जागा, 'शिकणे' आणि 'विसरणे' यांचा मी एकच गट का करते आहे, ही त्या निबंधातली खरी कच्ची जागा होती. मुलाखतीत तोच प्रश्न आला.

शिफारसपत्रांचे मसुदे मी घेतले नाहीत. "सरांना फक्त सही करायची, आम्ही लिहून देतो," असं म्हणतात आणि आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी तसं चालतंही. ते सरळसरळ अप्रामाणिक आहे. शिवाय त्याचा उपयोगही होत नाही. एकाच कारखान्यातली पत्रं वाचणाऱ्याला ओळखू येतात. माझ्या मॅडमनी पत्रात काय लिहिलं ते मला माहीत नाही आणि माहीत असूही नये. पण त्यांनी मला सामग्री गोळा करताना पाहिलं आहे, माझ्या वर्गपाठांवर लाल शाईने वाद घातले आहेत. ते दुसरं कोणी लिहू शकत नाही. शिक्षकांना निदान सहा आठवडे आधी सांगा. सोबत सीव्ही, लेखन-नमुना आणि विद्यापीठांची मुदतीच्या तारखांसह एक यादी द्या. डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मुदती पसरलेल्या असतात आणि त्याच काळात आपल्याकडे सत्रपरीक्षांचे पेपर तपासायचे असतात, हे ध्यानात ठेवा.

इथून पुढे कौतुक, आणि तेही मनापासून.

त्या कार्यालयात कागदपत्रांचं टेबल सांभाळणाऱ्या एक ताई आहेत. त्यांनी माझं पहिलं वाक्य संपायच्या आत विचारलं, "लग्नानंतर नाव बदललंय का? पासपोर्टवर कुठलं आहे?" माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं नाव. पदवीवर आईचंही नाव. पासपोर्टवर सासरचं आडनाव. टोफेलच्या नोंदणीत आणि अर्जात एक अक्षर जरी वेगळं पडलं तरी गुण अर्जाला जोडले जात नाहीत. त्यांनी सगळी कागदं टेबलावर ओळीने मांडली, कुठे काय लिहिलं आहे याचा तक्ता केला आणि पासपोर्टप्रमाणेच सगळीकडे भरायचं, सोबत विवाह प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्राची प्रत जोडायची असं ठरवून दिलं. त्या तक्त्याची प्रत अजून माझ्या फायलीत आहे.

गुणपत्रिकांबद्दल त्यांचं ज्ञान समुपदेशकांपेक्षा कितीतरी पक्कं निघालं. समुपदेशक सांगत होते की परदेशी संस्थेकडून गुणांचं मूल्यमापन करून घ्या. ताईंनी एकेका विभागाचं पान उघडून दाखवलं की अर्ज करताना स्कॅन केलेल्या गुणपत्रिका चालतात, विद्यापीठाच्या शिक्क्याची बंद पाकिटं प्रवेश मिळाल्यावर लागतात. माझे काही हजार तिथे वाचले. भारतीय श्रेणी अमेरिकेतल्या चारपैकी गुणांच्या मापात बदलून लिहू नका, आहे तशीच लिहा आणि कमाल किती ते सांगा, हेही त्यांनीच सांगितलं. शिफारस देणाऱ्यांचा ईमेल संस्थेचा असेल तर बरं, हेही. माझ्या एका सरांचा वापरातला पत्ता साधा जीमेलचा होता. ताईंनी सरांशी स्वतः अदबीने बोलून महाविद्यालयाचा पत्ता सुरू करून घेतला आणि पत्र चढवायचं कसं ते फोनवर समजावलं. सर वयाने मोठे, संगणकाला बिचकणारे. त्यांनी नंतर मला सांगितलं की ती बाई फार धीराने बोलते.

अर्ज भरण्याच्या पोर्टलांतही त्यांचा हात बसलेला आहे. कुठलं पोर्टल फाइल मोठी झाली की न सांगता टाकून देतं, कुठे पीडीएफ चढवल्यावर पूर्वदृश्य उघडून देवनागरी आणि ध्वनिलिपीची, म्हणजे उच्चार दाखवणाऱ्या चिन्हांची, अक्षरं चौकोन झाली नाहीत ना ते पाहायचं, हे त्यांना अनुभवाने कळतं. ध्वनिलिपी म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी विचारून घेतलं आणि पुढच्या प्रत्येक अर्जात स्वतःहून तपासलं. असं काम करणाऱ्या माणसाला पैसे देताना आनंद होतो.

मुलाखतीचा सराव मात्र व्हिसाचाच होता. 'अमेरिकाच का', 'परत येणार का' वगैरे. विभागाची मुलाखत त्याहून वेगळी, जानेवारी-फेब्रुवारीत व्हिडिओवर होते आणि थेट तुमच्या सामग्रीत शिरते. मला विचारलं गेलं की कर्ता स्त्री असेल तेव्हा तुमच्या गावात क्रियापद काय होतं, आणि लहान मुलं काय म्हणतात. याचा सराव मॅडमसमोर आणि मैत्रिणींसमोरच होऊ शकतो.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सरकारी विद्यापीठाकडून शुल्कमाफी आणि विद्यावेतनासह प्रवेशाचं पत्र आलं. आणखी एका ठिकाणी प्रतीक्षा यादीत नाव होतं. १५ एप्रिलपर्यंत विचार करायला मिळतो. तिथल्या विद्यापीठांनी आपसांत तसं ठरवलेलं आहे, त्याआधी कोणी घाई केली तरी दबून जाऊ नका. त्या काळात समुपदेशकांनी मला बँकेत मोठी रक्कम दाखवायला आणि सीएचं प्रमाणपत्र काढायला सांगितलं. विद्यापीठ पूर्ण खर्च उचलणार असेल तर व्हिसासाठी विद्यापीठ जे आय-२० पत्र देतं त्यावरच ते लिहून येतं. वडील घरावर कर्ज काढायच्या तयारीला लागले होते. त्यांना ते पत्र मराठीत समजावून सांगितलं तेव्हा कुठे थांबले. व्हिसाचा अर्ज मी १८५ डॉलर आणि सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे ३५० डॉलर भरून, ताईंच्या मदतीने केला.

हे सगळं मी व्यवस्थापकांना लेखी कळवलं, तारांकनं उडालेल्या पानांच्या प्रतींसह. त्यांनी ऐकून घेतलं, संपादनाचे पैसे परत दिले, आणि फक्त कागदपत्रांची सेवा वेगळी देता येईल हे मान्य केलं. किंमत १२,००० रुपये अधिक जीएसटी सांगितली. ती रास्त आहे. ज्यांच्या नावांत फरक आहे, ज्यांच्या गुणपत्रिका दोन-तीन विद्यापीठांच्या आहेत, ज्यांच्या घरी हे पहिल्यांदाच होतं आहे, त्यांनी ती जरूर घ्यावी. ज्यांची कागदपत्रं सरळ आहेत त्यांना तीही लागणार नाही.

जर्मनीचा विचार करणाऱ्यांसाठी एवढंच जोडते. संगणकीय भाषाविज्ञानाचं एमएस्सी झारलांड विद्यापीठात शिकवणी शुल्काशिवाय होतं. स्टुटगार्ट आणि ट्युबिंगेनला युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो पडतात. माझ्या समुपदेशकांच्या यादीत ही तिन्ही नावं नव्हती. आणि भारतातच राहायचं असेल तर यूजीसी नेटमध्ये भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. त्या परीक्षेच्या तयारीला कुठल्याही सल्ला कार्यालयाची गरज नाही. डेक्कन कॉलेजच्या वाचनकक्षात जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसलेली मुलं दिसतील, त्यांच्या शेजारची खुर्ची घ्या आणि बोला. ती सांगतात.